सनईचं नवं तोंड

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग कथा. माणसाचा खरा देव कोणता? देव्हाऱ्यातला? लगेच माना हलवू नका! त्या देवावर किती धूळ बसलीय, मला ठाऊक आहे. आणि दारातल्या मोटारसायकलीची टाकी? अहाहा! तिच्यात तोंड बघून भांग पाडावा! म्हणून विचारतो — ज्याच्यापुढं हात जोडतो तो देव, की ज्याला त्याच हातांनी घासतो-पुसतो तो? पद धरा —

हाती जे घासावे, तेचि मनी बसे!

वाजवा हो मृदंग! हां... आता बसा नीट. आप्पा, डुलक्या मागून!

वाघजाईची वाडी नावाचं गाव. तिथं द्वारकाबाई गुरवीण. नवरा देवीच्या देवळात सनई वाजवायचा. तो गेला, तेव्हा लोक म्हणाले, "झालं! आता ह्या घरची सनई खुंटीलाच!" बाईच्या काळजात रुतलं ते. कारण मुलगा अंकुश — तालुक्याला मोबाइलच्या दुकानात कामाला. सनई वाजवायचा, नाही असं नाही. पण कशी? सणावारी! पाहुणा जेवायला येतो तशी!

आणि मग एका रविवारी बाईनं काय पाहिलं? पोरगा ओट्यावर मांडी घालून बसलाय. पुढं पांढरा धुवट पंचा. त्यावर एक नळी, एक काचेची इवलीशी टाकी, एक तोटी. सगळं सुटं केलेलं! कोमट पाणी, कापसाचा बोळा. फुंकर मारतोय, उन्हात धरतोय, पुन्हा पुसतोय. देवाची उपकरणी घासावीत तसं!

"काय रे हे, अंकुश?"

आता मंडळी, ती होती विजेवर चालणारी सिगारेट! ओढली की गोड वासाचा धूर निघतो म्हणे. मला कसं ठाऊक विचारू नका, मी फक्त ऐकलंय! विकायला बंदी आहे आपल्या देशात. पण बंदी म्हटलं की आपल्याकडं गिऱ्हाईक वाढतं! तर पोरगा गडबडला. म्हणाला, "आई... सनईचं नवं तोंड आहे."

झालं! माउलीचं काळीज सुपाएवढं! दर रविवारी ती त्याच्या शेजारी चहा ठेवायची आणि नळावर जाऊन सांगायची, "माझ्या पोरानं बापाचं नाव राखलं गं! निगा बघा त्याची, निगा!" मंडळी, आईचा अभिमान खोट्यावर उभा असला, तरी अभिमान खराच असतो. हसू नका त्याला.

दसरा आला. सकाळी घरोघर हत्यारांची पूजा. सुताराची पटाशी, शेतकऱ्याचा नांगर, गुरवाची सनई! द्वारकाबाईनं पाट मांडला. पाटावर नवऱ्याची सनई. आणि शेजारी? तेच! हळद, कुंकू, झेंडूचं फूल! देवा, काय हा मान!

संबळ वाजवणारा गेनबा आला. त्यानं पाटाकडं पाहिलं आणि ओळखलं! हसू अगदी ओठांवर आलं. पण बाईचा चेहरा बघितला आणि म्हातारा हसू गिळून म्हणाला, "वहिनी, लख्ख घासलंय हो पोरानं." शहाणा माणूस!

अंकुश न्हाऊन आला. पाट पाहिला. जागच्या जागी थिजला!

"हात जोड, बाळा."

जोडले. दुसरं काय करणार?

संध्याकाळी पालखी निघाली. त्या गावची रीत ऐका — देवीनं उंबरा ओलांडला की सनईचा सूर धरायचा. नाकानं श्वास घ्यायचा, गालानं सूर सांभाळायचा, आणि पालखी दीपमाळेपाशी टेकेपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. बापानं कधी तुटू दिला नव्हता. अंकुशनं सूर धरला. चांगला धरला! पालखी निम्म्यावर आली... आणि खोकला! सूर तुटला! भोई थांबले. देवी वाटेतच उभी!

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कोण आलं? द्वारकाबाई! पदराखालून ती नळी काढली. हळदीकुंकवासकट! "अरे, हे घरीच विसरलास की! त्याशिवाय सूर कसा टिकायचा? लाव हे!"

पोरं खिदळली. अंकुशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थाप मारून निसटता आलं असतं, मंडळी! अजून एक थाप, काय जातं? पण आईचा तो हात पुढं केलेला... तो म्हणाला, "आई, हे सनईचं नाही. हे सिगारेटचं आहे. मी खोटं बोललो."

बाई हातातल्या नळीकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "किती जपलंस रे हिला! ह्या सनईला एवढी माया कधी मिळाली नाही."

बस्स, एवढंच! ना शिवी, ना थप्पड. नळी गेनबाच्या हातात दिली. मग पोराच्या हातातली सनई घेतली, पदरानं तिची धूळ पुसली, तोंडात धरायची पाती पुसली आणि पोराच्या हातात ठेवली. "देवी थांबलीय. वाजव. तुटला सूर, तर पुन्हा धर."

आणि त्यानं वाजवली! सूर तुटला की भोई थांबायचे, सूर लागला की चालायचे. दिवेलागण झाली, पण गावानं देवीला अडखळत्या सुरावर दीपमाळेपाशी नेलं! रीत मोडली म्हणून कुणी घरी गेलं नाही.

पुढच्या दसऱ्याला? अखंड सूर! खोकला नाही, खंड नाही! नळावरच्या बाया म्हणाल्या, "द्वारके, काय वाजवलं गं पोरानं!" तर बाई मान ताठ करून म्हणते कशी — "वाजवण्याचं काय सांगता? वाजवत त्याचा बापही होता. रविवारी या आमच्या ओट्यावर! पंचा तोच आहे, कोमट पाणी तेच आहे. पंच्यावर काय आहे, ते बघा!"

हाती जे घासावे, तेचि मनी बसे!

मंडळी, त्या पोराला घासायचं कसं हे कुणी शिकवलं नाही. हात तेच, माया तीच. फक्त पंच्यावरची वस्तू बदलली! आता माझं कीर्तन संपलं, तुमचं सुरू. बुक्का लावून घ्यायला पुढं याल, तेव्हा आपल्या हातांकडं बघत या. ह्या आठवड्यात ते कशावरून फिरले? गाडीवरून? मोबाइलच्या काचेवरून? आणि घरात खुंटीला काय टांगलंय, ज्याला पुसायला कुणाची तरी आई पदर घेऊन थांबलीय?

मला सांगू नका. तिला जाऊन सांगा.

बोला, वाघजाई मातेचा उदो! उदो!