फळ्यावरचं ॲसिड

कुसाबाई : सर, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या तुमच्या. झेंडू मात्र चार दिस कोरडाच हाय. ठिबकच्या नळ्या क्षारानं गच्च, अन् दसरा आठवड्यावर. कळ्या मान टाकाया लागल्या.

रंगनाथ : झालंच. बाटलीतलं ॲसिड तेहतीस टक्के, नळ्यांतला क्षार धुवायला आपल्याला हवं तीन टक्के. म्हणजे अकरा पट पातळ. एक लिटर ॲसिडला अकरा लिटर पाणी.

कुसाबाई : मघाशी तर दहा म्हनला.

रंगनाथ : दहाच. सगळं मिळून अकरा. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त होऊन वर्ष झालं नाही, तर एक लिटर पाणी जास्त. बरं, बादलीत एक लिटर ॲसिड काढलंय. द्या तो पाण्याचा तांब्या.

कुसाबाई : नाय देनार.

रंगनाथ : का हो?

कुसाबाई : ॲशिडात पानी वतलं तं उसळून तोंडावं यील. दुसऱ्या बादलीत पानी घ्या आधी.

रंगनाथ : अरे देवा. हे मी दर वर्षी ओरडून सांगायचो.

कुसाबाई : मंग आज काय झालं?

रंगनाथ : शाळेत ॲसिड ओतायचा काळू शिपाई. मी नुसता फळ्यावर ओतायचो. फळा कधी उसळला नाही, म्हणून माझं नाव मोठं. तुम्हाला कोणी सांगितलं हे?

कुसाबाई : तुमीच. आमचा महेश नववीला तुमच्या वर्गात व्हता. बांधावर बसून घोकायचा, मी खुरपायची. मला काय वाचता येतं? मी आपली ववी केली.

रंगनाथ : माझ्या धड्याची ओवी? म्हणा की.

कुसाबाई : हसू नका.
आधी बादलीत पानी, मंग ॲशिड थोडं थोडं,
उलटं करील त्येच्या तोंडावं उठतील फोडं.

(रंगनाथ दुसऱ्या बादलीत दहा लिटर पाणी मोजून घेतो.)

रंगनाथ : महेशला मार्क चांगले पडले असतील मग.

कुसाबाई : कुठलं. नापास केला तुमीच.

रंगनाथ : हं. म्हणजे त्या वर्गातून पास झालं ते बांधावरचं माणूस.

कुसाबाई : हातमोजे घाला, सर. तोंड लांब ठिवा. वता आता.

रंगनाथ : ओततो. तुम्ही ओवी म्हणत राहा, म्हणजे माझा हात घाई करणार नाही.