बाबांचं बटण

मतदानाच्या रांगेत शिंपीकाकांच्या पुढे एक म्हातारबुवा आणि त्यांची लेक उभी होती.

"बाबा, चष्मा कुठंय?"

"घरीच राहिला गं. केंद्रावरचे साहेब म्हणाले, लेकीला सोबत न्या. माझंही बटण तूच दाब."

"मी? तुमच्या पक्षाचं? महिनाभर त्यांच्याविरुद्ध घसा फोडलाय मी!"

"म्हणून काय झालं?"

"आणि माझ्याच चिन्हावर बोट गेलं तर?"

"मला थोडंच दिसणार आहे?"

दोघं आत गेली. काकांनी उगाच देवाला हात जोडले.

बाहेर येताच म्हातारबुवांनी विचारलं, "दाबलंस?"

"तुमचंच दाबलं. जिवावर आलं होतं हो!"

"आणि तुझं?"

"असं ठासून दाबलं, की साहेब दचकले!"

म्हातारबुवा खदखदून हसले.

"शाब्बास! अगदी बापावर गेलीस."