विमानतळावरचं गुलाबपाणी

माझा आगाऊपणा तुम्हाला माहीतच आहे. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर इथे परदेशात, क्लोनडॉकिनच्या आमच्या घरी ऑफिसातला डॅनियल आईला घेऊन आला. रिबेकामावशी पेणच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. लहानपणीच आईवडिलांबरोबर इस्रायलला गेलेल्या. मी दारातच सॅनिटायझरची बाटली रोखली. "या मावशी, गुलाबपाणी घ्या!"

मावशी हसल्या नाहीत.

"आमच्या बाबांनीही असंच घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "नवा देश, आपल्या माणसांचा, म्हणून बाबा लग्नाचा कोट घालून विमानातून उतरले. समोर एकजण पंप घेऊन उभा. त्याने फवारा मारला. बाबांना वाटलं, लग्नघरासारखं स्वागत चाललंय. अत्तरासाठी हातही पुढे केला त्यांनी."

"आणि होतं काय?"

"डीडीटी. उवांचं औषध. मग तंबूत नेऊन टाकलं. बाबा आपले सगळ्यांना सांगायचे, यांचा गुलाब जरा उग्र असतो."

मला हसू फुटलं. "मग त्यांना कळलं कधी?"

"माझं लग्न ठरलं तेव्हा. तिथले धर्मगुरू म्हणाले, तुम्ही हिंदुस्थानातले, खरे ज्यू कशावरून? पुरावा आणा. शनिवार ज्यूंचा विसाव्याचा, त्या दिवशी आमचा तेलाचा घाणा बंद, हे अख्ख्या पेणला ठाऊक. पण पेण तिथे कसं नेणार? बाबा घरी आले, ट्रंकेतला कोट काढून हुंगला आणि म्हणाले, 'रिबेका, ते औषध होतं गं.'"

माझी बाटली हवेतच राहिली. मावशींनी हात पुढे केला.

"मार रे आता. पण सॅनिटायझर आहे ना? मग सॅनिटायझरच म्हण."