हातचं खाणारा

मटण? अरे बाबा, मटणाचे तुकडे टाकलेस तर तो ढुंकूनही बघणार नाही — मेलेलं तो खातच नाही, हललं तरच त्याच्या लेखी ते अन्न. मांजराएवढा बेडूक आहे म्हणून काय झालं, कुत्रा आहे का तो, वाढलेलं खायला? तुझ्याआधी एक चष्मेवाला येऊन दोन घेऊन गेला, कुणा परदेशातल्या साहेबाच्या काचेच्या पेटीसाठी. दुआलाच्या विमानतळापर्यंतसुद्धा पोचले नाहीत — प्लास्टिकच्या ड्रमात कोंडले तर त्याला धडका देऊन देऊन नाकं फोडून घेतली, किडामुंगी काही तोंडात धरलं नाही, मेले. आणि तू मला विचारतोस, मावशी, प्रवासात खायला काय देऊ. काही देऊ नकोस. नेऊच नकोस.

खातो काय म्हणजे? चतुर खातो, टोळ खातो, विंचू, लहान मासे — सापाचं पिल्लू गिळताना मी या डोळ्यांनी बघितलंय — आणि आपल्याच जातीतले बारके बेडूकसुद्धा, हो, तिथं नातंगोतं नाही, आमच्या भावकीसारखंच. पण जीव सगळा खेकड्यावर. पिल्लांचं मात्र तसं नाही बरं का, शेपटीवाल्या पिल्लांचं. धबधब्याखाली खडकांना बुळबुळीत पाला चिकटलेला असतो, तो एकच पाला खातात ती, दुसरं तोंडाला लावत नाहीत. कुठाय पाला? घासला. माझ्या पोरानं घासून काढला — एपिए, माझा एकुलता एक. त्याचा बाप त्याच खडकांवर बेडूक धरताना घसरला, डोकं आपटलं, गेला. मग वर्षानं यानं बापाच्या नावाचा मोठा दिवस केला, ढोल, नाच, सगळ्यांना एकसारख्या कापडाचे कपडे, खोऱ्यातला सगळा गोतावळा जेवायला — अन् पाहुणे पाणी ओलांडताना घसरू नयेत म्हणून गडी लावून तारेच्या घासण्यांनी खडक लख्ख केले. मोठे बेडूक व्याह्यांच्या ताटात गेले, तो मान द्यावाच लागतो आमच्यात, आणि पिल्लं खाली उपाशी मेली. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

आता एकच उरलाय. तो माझ्या हातचं खातो — हसू नकोस, खरंच खातो. आधी मी दोऱ्याला खेकडा बांधून लांबून हलवायचे, तर हा पाण्यात बुडी मारायचा, किती दिवस नुसता चकवायचा मला. आता उन्हं उतरली की त्या सपाट खडकावर वाट बघत बसलेला असतो. बोटांत धरून खेकडा हलवला की पुढं येतो, लप्पकन घेतो — गिळताना डोळे आत ओढतो आणि बाहेर राहिलेली नांगी पुढच्या पायानं तोंडात ढकलतो, लहान पोर ढकलतं तसं. आवाज नाही, काही नाही, मुकाच तो. मी बोलते, तो खातो. दुसरं आहे कोण? एपिए कधी आला तर दुआलाहून सोबत पाव आणतो, माशांचा डबा आणतो, आणि माझ्या अंगणात बसून तो डबा खातो. पोट नाजूक झालंय म्हणतो.

तू घड्याळात काय बघतोस सारखा? उन्हं उतरायची वाट बघतोयस? बोलले मी, जास्तच बोलले — पण थांब, तुला आधीच ठाऊक होतं. जाळं नाही आणलंस तू, नुसता ड्रम आणलास. तो पळत नाही हे तुला कुणी सांगितलं? मी तर एकालाच सांगितलंय, फोनवर, की बाबा, बघ, तो तरी माझ्या हातचं खातो. त्याला लागावं म्हणून सांगितलं होतं. त्यानं भाव लावला.

असू दे. तू कशाला मान खाली घालतोस, तुझा काय दोष. थांब, वाढते तुला. लाल तेलातली केळी आहेत, धुरावरचा मासा आहे, सकाळपासून पोटात काही नाही म्हणालास ना — नको? थोडं तरी. एक घास — नको.

म्हणजे तेही सांगितलं त्यानं. बायकोनंच चेटूक करून नवऱ्याला खाल्लं, असं माझ्या दिरांनी माझ्या तोंडावर म्हटलं, तेव्हा मला वाटलं होतं, एपिए मध्ये पडेल. तो खाली बघत राहिला, आत्ता तू बघतोयस तसाच. त्या दिवसापासून माझ्या हातचा घास त्यानं घेतलेला नाही. आणि आता परक्यालाही बजावून पाठवतो.

ऊठ. ड्रम उचल तो. खडकाकडे मी जाते — आज खेकडा नाही नेणार, दगड नेणार आहे. आज मारीन, उद्या मारीन, माझी सावली बघून बुडी मारायला लागेपर्यंत मारीन. उपाशी नाही राहायचा तो, त्याचं त्याला मिळवता येतं. एपिएला सांग, आईच्या हातचं खाणारा आता कुणी उरला नाही. जा, नीघ.