सोनवडीच्या पदकाखालची ओळ

माननीय अध्यक्ष शंतनूजी, व्यासपीठावरचे पाहुणे, आपण ज्यांना निरोप द्यायला जमलो ते गुरुदत्तकाका, आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आलेल्या नेपरव्हिलकर बंधुभगिनींनो, वसुधाचा सर्वांना नमस्कार.

काका पुढच्या आठवड्यात कॅरी गावी, लेकीकडे राहायला चाललेत. राजेरजवाड्यांच्या पदकांचा त्यांचा संग्रह कुणी पाहिला नाही? राजावरचा लोकांचा विश्वास उडाला की पदकं जास्त पाडतात, हे मला त्यांनीच शिकवलं.

म्हणून तर आजोबांचं पदक मी त्यांच्या हाती दिलं. आजोबा सोनवडी संस्थानात शिक्षक. महाराजांचा रौप्यमहोत्सव आला तेव्हा प्रजा परिषदेची माणसं तुरुंगात होती. दरबारातून शाळेत पेटी आली. महाराजांचा चेहरा असलेली दोनशे पदकं, एकेका मुलाच्या छातीवर लावायची. आजोबा म्हणाले, "मी मुलांना खोटं टाचणार नाही." एक पदक पुरावा म्हणून ठेवलं, बाकी पेटी परत. आठवड्यात नोकरी गेली, संस्थानही सोडावं लागलं.

हे ऐकताना काकांचे डोळे भरले होते. "वसुधा, माझं पुस्तक इथूनच सुरू होणार!"

गेल्या महिन्यात पुस्तक आलं. पदकाचा फोटो सुरेख. खाली इंग्रजीत ओळ: 'निष्ठावान शिक्षकास महाराजांची प्रेमळ भेट.' प्रस्तावना महाराजांच्या नातवाची. माझ्या रीमानं विचारलं, "आई, सो ही वॉज ऑन द किंग्ज साइड?"

मी काकांना फोन केला.

"अगं, राजवाड्यात म्युझियम होतंय, माझ्या नावाचं दालन. तुझी गोष्ट छापली असती तर त्यांनी सगळं कॅन्सल केलं असतं. समजून घे ना."

"मग पदक परत द्या."

"कलेक्शन शिप झालं गं."

परक्यानं केलं असतं तर एक कडक ईमेल लिहून मोकळी झाले असते. पण रीमाच्या जन्माच्या वेळी माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा महिनाभर रोज डबा घेऊन येणारे हे काका. पदक देताना यांच्याकडून काही लिहून घ्यावं, हे माझ्या मनातही आलं नाही.

दालनात पदकाखाली लावायला नवी, खरी ओळ मी लिहिली आहे, राजवाड्याला पाठवली आहे. उत्तर नाही. रीमाला मात्र सगळं सांगितलं.

मंडळानं बोलू दिलं, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी जिभेवर ताबा राहिला नसेल, तर सभेनं पोटात घालावं. कार्यक्रमपत्रिकेत काकांना शाल मी घालावी असं छापलंय. ती आपल्या मंडळाच्या आसावरीताईंनी घालावी. माझे हात उचलणार नाहीत.