पांढऱ्या लुगड्याचं शीड

माहं नाव चंद्रभागा. मी पैनगंगेच्या पल्याडची, लग्नात देली अल्याड. घाटावरून माहेरचं झाड दिसे, पण मधात नदी. घाटाचा ठेका वामनरावाचा, नाव त्याची, अन् त्या नावेत आमच्या वस्तीची जागा ठरलेली, मांगच्या टोकाले, जिथं झिरपलेलं पाणी साचते तिथं. वरून पूर आला की आमच्याच माणसाईनं छातीइतक्या पाण्यात उतरून दोर ओढाचा, अन् मजुरी काय तं काईच नाई, तुमचं कामच हाय म्हणे. काय सांगू तुमाले, आजही आठवलं की डोकं तापते.

माहे मामाजी, म्हंजे सासरे, थे तरुणपणी घरून पळून कोकणात गेलते, दर्यावर गलबतात खलाशी होते, अन् वापस आले थे दर्याची बोली घेऊन. आमी म्हणो बांबू, थे म्हणे डोलकाठी. दोरीवर वायत घातलेली चादर वाऱ्यानं फुगली की म्हणे, पाह्य पाह्य, शीड भरलं. सासू चिडे, म्हणे चुलीपाशी कायचा दर्या घेऊन बसले, भाकर खा मुकाट्यानं. मी हासो.

छप्पन साली आमी नागपूरले गेलो, पांढरे लुगडे नेसून दीक्षा घेतली, अन् घरी आलो तं मामाजीनं घाटावर जाऊन तोंडावर सांगतलं, आजपासून आमचा एकही माणूस दोर ओढणार नाई. वामनराव म्हणे, मंग नावेत पायही ठेवाचा नाई. झालं, माहं माहेर बंद. उन्हाळ्यात पाणी आटलं की पायी जाओ, बाकी बसा काठावर.

असाच एक पावसाळा, अन् पल्याडून माहा भाऊ हाका मारून राह्यला, माय खाटेवर पडली, तुहंच नाव घेऊन राह्यली. मी घाटावर धावली. वामनराव म्हणे, दोर ओढाले माणूस पाठव, मंग बस. माही माय मरून राह्यली अन् याले दोर पाह्यजे! तुह्या तोंडात माती पडो म्हटलं, साऱ्याईसमोर म्हटलं.

काठावर त्याचीच एक जुनी नाव पडेल होती, फळ्याईच्या फटीतून बोट जाये, कुत्रे निजे तिच्यात. ज्याले पाह्यजे त्यानं सरपणाले न्या, असं थोच बोललता. मामाजीनं तिच्यावर हात फिरवला, म्हणे चाल. घरात होता तेवढा कापूस काढला, मी वातीसारखा वळला, जवसाच्या तेलात भिजवला, मामाजीनं पटाशीनं ठोकून ठोकून फटीत बसवला अन् वरून राळ. दर्यावर असंच करते म्हणे. मांगं सुकाणूची फळी, मधात बांबूची डोलकाठी. राह्यलं शीड. घरात धड कपडा एकच, माहं दीक्षेचं लुगडं. सासू म्हणे, थे नोको व. मी म्हटलं, आत्याबाई, माय मोठी का लुगडं, अन् देऊन टाकलं.

लोक हासाले जमले, पैनगंगेत शीड म्हणे! पण तवरोक पाणी इतकं चढलं का वामनरावाचे बांबू तळाले पोचत नव्हते, त्याची नाव खुंट्याले बांधेल, अन् त्या वळणावर वारा आमच्या काठावरून सीधा माह्या माहेराकडं. मामाजी ओरडे, चंद्रभागे, दोर सैल सोड, आता ओढ, अन् मी जलमात पह्यल्यांदा नावेच्या मधात बसलती. माय जित्ती होती. कोणाच्या नावेत आली व, म्हणे. आपल्या, मी म्हटलं. माह्या हातचं पाणी पेली, मंगच गेली थे.

मायले माती देऊन वल्हं मारत वापस आलो तं काठावर वामनराव अन् गावातले मोठे लोक उभे. नाव माही हाय म्हणे, सोडा. कुत्रे निजे तवा नव्हती त्याची, तरंगली तं त्याची! आमचे हे काठी घेऊन धावले. मामाजीनं त्याईले अडवलं, म्हणे नाव त्याचीच हाय, देऊन टाका. मले मामाजीचाच असा राग आला का काय सांगू.

मंग मामाजीनं शीड उतरवलं, घडी करून माह्या हातात देलं. डोलकाठी काढली, सुकाणू काढलं. अन् खाली बसून पटाशीनं फटीतला कापूस उपसाले लागले. कापूस आमचा हाय म्हणे. मी बसली, हे बसले, सासूही बसली. सारं गाव पाहून राह्यलं. पूरा कापूस माह्या पदरात. मामाजी उठले, म्हणे घ्या वामनराव, तुमची नाव, जशी होती तशी.

नंतर आमी आमच्या बाभळीची नाव बांधली. मामाजी गेले, आता हे चालवते. वामनरावाची सून बसते, तिचा काय कसूर, मधातच बसवतो तिले. पण वामनराव अजून मले म्हणते, बाई, जुनं इसर. काहून इसरू? तुमीही हे लिहितानी माहा राग गायू नोका, तसाच ठेवा.

लुगडं हाय अजून, काठाले दोरीचे भोकं हायेत, पौर्णिमेच्या वंदनेले तसंच नेसतो. माही सून म्हणे, आत्याबाई, शिवून देऊ का? म्हटलं, हात नोको लावू.