दाभोळच्या कब्रस्तानाचं फाटक

रविवार, माघातली सकाळ. ठिकाण: दाभोळ, कब्रस्तानासमोरच्या घराची पडवी. हजर: दत्ताराम, सांगणारे, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडावर धातूचा फवारा मारण्याचं काम करतात; नझीरभाई, घराचे मालक, दत्ताराम ज्यांच्या हाताखाली शिकले त्या उस्मानभाईंचे थोरले चिरंजीव; नझीरभाईंची आई, दाराआड बसून; आणि लिहून घेणारी मी. बाहेर टेम्पो, त्यात कॉम्प्रेसर आणि पाइप. दत्ताराम जसे बोलले तसं लिहिलं आहे.

मी मूळचा खेडच्या वरच्या अंगाचा, ताई. आमच्याकडे कातळच जास्ती, मध्ये मध्ये भाताचे तुकडे, डोंगरउतारावर नाचणी. मोठा भाऊ मुंबईला गेला, तो मला पण बोलवायचा, पण आईला एक जण तरी जवळ हवा होता म्हणून मी लोट्याला लागलो, सकाळी कंपनीची बस पकडायची नि संध्याकाळी त्याच बसने उतरायचं. पहिलं काम मिळालं ते ब्लास्टिंगचं. म्हणजे काय, तर जाड वाळूसारखे टोकदार लोखंडी दाणे असतात, ते हवेच्या जोराने लोखंडावर मारायचे, रंग जातो, गंज जातो, आणि खाली जे लोखंड उघडं पडतं ते राखाडी दिसतं, मुशी माशाच्या पाठीवरनं उलटा हात फिरवावा तसं खरखरीत. डोक्यावर टोप, तोंडावर काच, आत घामाची आंघोळ. घरी गेलो की आई बोलायची, काय रे, तुला गिरणीत दळला काय.

तिथे उस्मानभाई होते. दाभोळचे. तिकडे गल्फला जहाजांच्या गोदीत फवारणीची गन चालवून आलेले, म्हणून आमच्या शॉपमध्ये सगळे त्यांना उस्ताद बोलायचे, मी पण. उंच माणूस, आवाज खोल, आणि चिडवायची फार खोड. मी गनच्या जवळ गेलो की बोलायचे, दत्ता, लांब हो, ही गन आहे, नाचणीची भाकरी नाय. पण शिकवलं त्यांनीच, काय सांगू तुम्हाला, सख्ख्या भावाने शिकवलं नसतं तसं शिकवलं. जस्ताच्या दोन तारा गनमध्ये समोरासमोर येतात, करंट असतो, टोकाला टोक भिडलं की जस्त वितळतं, आणि मागून हवा येते ती त्या वितळलेल्या जस्ताला फेकते, बारीक बारीक थेंब जाऊन लोखंडाला चिकटतात, चपटे होतात, एकावर एक थर बसतो. गन सरळ धरायची, हात एका लयीत न्यायचा, एका जागी थांबायचं नाही, थांबलं की थर जाड होतो आणि मग तडकून सुटतो. उस्ताद बोलायचे, भिंत सारवतोस ना तसा हात ने, आंब्याला दगड मारल्यासारखा नको.

पहिल्यांदा मी जस्त मारलं त्या दिवशी तोंडाचा मास्क नीट बसला नव्हता, धूर आत गेला. घरी आलो नि हुडहुडी, ताप, तोंडात पितळेची चव, आई घाबरली, मला वाटलं आता काय खरं नाही. सकाळी उतरला. जस्ताच्या धुराचा तसा ताप येतो नि जातो. उस्तादांनी ही गोष्ट घरी सांगितली असणार, कारण पुढल्या आठवड्यात भाभीने, ह्या आत बसल्या आहेत त्या, बरणी भरून खरवस पाठवला. तेव्हापासून दाभोळला येणं-जाणं. ईदला मी इथे, गणपतीला ते आमच्याकडे, पंचखाद्याचे मोदक भाभींसाठी डब्यात. नझीर तेव्हा कॉलेजात होता, चिपळूणला.

नंतर उस्तादांची छाती कमजोर झाली. कोणी बोलायचं धुराने, कोणी बोलायचं बिडीने, ते स्वतः बोलायचे वयाने, आणि विषय संपवायचे. काम सोडलं, घरी बसले, ह्याच पडवीत, हीच खुर्ची. समोर बघायला काय, तर हे फाटक.

आता फाटकाचं सांगतो. ते समोर दिसतंय ते. दोन झडपा आहेत, जांभ्याच्या खांबांमध्ये बसवलेल्या, जुनं जाड लोखंड. खाडीचं तोंड इथे, वारा खारा, त्यामुळे जमातीचे लोक, कब्रस्तान बघतात ते, दर वर्षी रंग लावायचे नि पावसाळा संपेपर्यंत रंगाखालून गंज फुटायचा. उस्ताद बसून बघायचे आणि मी आलो की बोलायचे, बघ दत्ता, ह्यांनी गंजाला वर चादर घातलीय, तो आत मजेत झोपलाय. त्यांचं एकच म्हणणं, ह्याला जस्त मारायला पाहिजे. जस्त आधी स्वतः झिजतं, तोवर लोखंडाला हात लागू देत नाही. मग एकदा, मागच्या पावसात, छातीचं दुखणं वाढलेलं, मला जवळ बसवलं नि बोलले, आयुष्यभर दुसऱ्यांच्या टाक्या नि पाइप केले, गावात माझ्या हातचं काय नाय. माझा हात आता चालत नाय, तुझा चालतो. पाऊस गेला की फाटक कर, मी इथून बघतो. मला तिकडून आत न्यायच्या आधी कर. मी बोललो, असं काय बोलता उस्ताद. ते बोलले, बरोबर बोलतोय, तू फक्त तारीख धर.

जमातीने लगेच हो म्हटलं. झडपा काढून लोट्याला नेता आल्या असत्या, पण मग कब्रस्तान उघडं, गुरं शिरतात, आणि उस्तादांना बघायचं होतं, म्हणून इथेच करायचं ठरलं. दिवाळी गेली, हवा सुकली, मी शॉपच्या मालकांना विचारून सामान आणलं. सकाळी लवकर सुरू केलं. उस्ताद खुर्चीत, अंगावर शाल, आणि इथून ओरडून सूचना, खालचा कोपरा राहिला, बिजागरीला टेप लावलास काय. नझीर त्यांना बोलला, अब्बा, श्वास जपा. ते बोलले, श्वास माझा आहे, फाटक जमातीचं आहे.

दुपारपर्यंत दोन्ही झडपा ब्लास्ट करून झाल्या. सगळं लोखंड उघडं, राखाडी, एकसारखं. आता आमच्या कामातलं एक तुम्हाला सांगायला पाहिजे. लोखंड असं उघडं झालं की त्याला हात लावायचा नाही. कोणीच नाही. हाताला घाम असतो, तेल असतं, जिथे बोट लागेल तिथे जस्त धरत नाही, आणि त्यात इथली खारी हवा, काही तासांत गंज परत चढायला लागतो. म्हणून त्याच दिवशी, जेवढं लवकर होईल तेवढं, फवारा मारायचा. उस्ताद बोलायचे, हे नागडं आहे, कपडे घालेपर्यंत ह्याच्या जवळ कोणाला सोडू नको. मी हवा कोरडी येते का बघायला पाइपसमोर पांढरा कपडा धरला, तो कोरडा राहिला, उस्तादांना लांबून दाखवला, त्यांनी मान हलवली. मी गनला तारा लावायला खाली बसलो, आणि नझीरने हाक मारली.

धावत आलो. शाल खाली पडलेली. गाडी बोलावली, पण गाडी यायच्या आत संपलं होतं.

मग काय सांगू तुम्हाला. कॉम्प्रेसर चालूच होता बाहेर, त्याचा आवाज घरात येत होता, मीच जाऊन बंद केला. माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर दफन ठरलं होतं, मध्ये वेळ होता, एक हात तरी मारून होईल, उस्तादांचंच काम आहे. पण घरात मय्यत आणि दारात मी गनचा धडधडाट करू? भाभी आत रडत होत्या. नझीरला विचारायची पण हिंमत झाली नाही. वाटलं निदान प्लास्टिक बांधू, तर कबर खणणारे आले, फावडी घेऊन आत-बाहेर करायला लागले, बांधणार कुठे. मग ठरवलं, फाटकाजवळ उभा राहतो, येईल त्याला सांगतो, हात नका लावू.

जनाजा आला. गाव लोटला होता, खलाशी, बाजारातले, लोट्याहून आमच्या शॉपची पोरं. फाटक अरुंद, झडपा वाऱ्याने मिटायला बघतात, खांदा देणारे आत शिरताना बाजूच्यांनी झडपा धरून ठेवल्या. धरणारच. कोण तोल सांभाळायला धरतो, कोण रडताना कपाळ टेकतो, एक म्हातारे होते, त्यांच्या बरोबरीचे, ते सळी धरूनच उभे राहिले, हालेनात. माझ्या तोंडात शब्द होते, हात लावू नका, आणि ते मी गिळले. तेवढ्यात नझीरने मला बोलावलं, दत्ताभाऊ, खांदा द्या. मी फाटक सोडलं नि खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघितलं. राखाडीवर सगळीकडे तांबूस आलेलं, आणि त्यात हात. पाच बोटांचे, चार बोटांचे, तळवे, उभे, आडवे, वरपर्यंत. दोन्ही झडपांवर. तुम्ही आता जवळ जाऊन बघा, आता रंग गडद झालाय, कडा पसरल्यात, पण हात कळतात.

चाळिसावं होईपर्यंत मी विषय काढला नाही. मग जमातीचे लोक बोलले, दत्ताराम, ह्या वर्षी रंग पण लागला नाही, पावसाच्या आत काहीतरी कर. नझीर बोलतो, अब्बांचं राहिलेलं काम आहे, करा. सगळे करा बोलतात. आणि करायचं म्हणजे पहिलं ब्लास्टिंग, त्याशिवाय जस्त बसणार नाही. म्हणजे हे सगळे हात मी काढायचे. उस्तादांना पोचवायला आलेले हात. दोनदा टेम्पो घेऊन आलो, दोनदा हवा ओली आहे असं सांगून परत नेला. हवा काही तेवढी ओली नव्हती.

मघाशी तुम्ही यायच्या आधी भाभी दाराआडून बोलल्या. इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळतात ती, बाहेर येत नाहीत, खिडकीतून फाटक दिसतं त्यांना. बोलल्या, दत्ता, त्यांनी गंजावर तुला काम करू दिलं असतं काय. मी बोललो, शिव्या घातल्या असत्या. बोलल्या, मग.

तेवढंच बोलल्या. खरं आहे. खुर्चीत असते तर बोलले असते, काय रे, गंजाला देव मानायला लागलास काय. त्यांचं भलं होवो, जिथे असतील तिथे छातीला आराम पडो.

आज हवा चांगली आहे. पांढरा कपडा आणलाय, तारा नवीन आणल्यात, नझीर वायर ओढून देतो बोललाय. पण इतक्या दिवसांत खार बसलाय, घाम बसलाय, आधी दोन्ही झडपा गोड्या पाण्याने धुऊन काढायला पाहिजेत. बादली तिथे भरून ठेवलीय. ते व्हायचं आहे अजून.